जन्मदाखल्यावर मुलाचे नाव नाही, मेचे तिकीट काढावे का?

प्रेषक: ब्रॉडहर्स्ट, गाबोरोन

सप्रेम नमस्कार.

आई-बाबा 9 मेला भारतातून इकडे बोत्स्वानाला यायला निघणार आहेत आणि या वेळी बहिणीचा मुलगाही त्यांच्याबरोबर येणार आहे, हे संक्रांतीच्या कार्यक्रमात बऱ्याच जणांच्या कानावर घातले होते. काल बहिणीने त्याच्या जन्मदाखल्याचा फोटो पाठवला, तेव्हा लक्षात आले की त्यावर आईचे नाव आहे, वडिलांचे नाव आहे, तारीख आणि जन्मस्थळ आहे, पण ‘बाळाचे नाव’ या रकान्यात नुसती आडवी रेघ ओढलेली आहे. दाखला बारशाच्या आधीच काढून आणला होता आणि पुढे पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघाला, त्यामुळे अकरा वर्षांत ती रेघ कुणाला दिसलीच नाही.

पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावे छापलेली आहेत. तेवढ्यावर इमिग्रेशनचे काम भागेल का? अदीस अबाबामार्गे तिकीट सर्वांत स्वस्त मिळते आहे आणि ते शनिवारपर्यंत काढायचे आहे, म्हणून कृपया अनुभव असलेल्यांनी लवकर कळवावे.

प्रेषक: माजी सचिव, गाबोरोन

ताई, या प्रश्नाचे उत्तर मी तयार केलेल्या सूचनापत्राच्या चौथ्या मुद्द्यात दिलेले आहे आणि मंडळाच्या नव्या कार्यकारिणीने ते पत्र दरवर्षी जानेवारीत सर्वांना पाठवावे, अशी विनंती मी वार्षिक सभेत केली होती. तरीही पुन्हा लिहितो.

1 ऑक्टोबर 2016 पासून बोत्स्वानाच्या कोणत्याही सीमेवर अठरा वर्षांखालील मुलासाठी पासपोर्टबरोबरच जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत लागते आणि त्या दाखल्यावर आई-वडील दोघांचीही नावे असावी लागतात. आपल्याकडचा दाखला या बाबतीत मुळातच पुरेसा असतो. इकडे आई-वडिलांचा तपशील नसलेला संक्षिप्त दाखलाही मिळत असे, म्हणून नियमात ‘संपूर्ण’ दाखल्याचा आग्रह आहे. मात्र ज्या दाखल्यावर मुलाचेच नाव नाही, तो दाखला समोरच्या मुलाचा आहे हे अधिकाऱ्याने कशावरून मानायचे? शिवाय मूल आजी-आजोबांबरोबर येत असल्याने आई-वडील दोघांच्या संमतीचे प्रतिज्ञापत्र लागेल. त्यात प्रवासाच्या तारखा, आजी-आजोबांचे पासपोर्ट क्रमांक आणि इथे मूल कोणाकडे राहणार, हे स्पष्ट लिहावे.

दाखला दुरुस्त करणे अवघड नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 च्या कलम 14 प्रमाणे नाव नंतर नोंदवता येते. पहिल्या वर्षात शुल्क लागत नाही आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होते. मुलगा अकरा वर्षांचा आहे, म्हणजे मुदत शिल्लक आहे. जिथे जन्माची नोंद झाली त्याच निबंधकाकडे आई-वडिलांनी अर्ज करायचा असतो. तिकीट त्यानंतरच काढावे.

प्रेषक: फ्रान्सिसटाउन

अण्णांच्या सूचनापत्राविषयी आदर ठेवूनच लिहितो की नियम कागदावर असणे वेगळे आणि प्रत्यक्ष विचारणा होणे वेगळे. माझा पुतण्या दोन वर्षांपूर्वी आई-वडिलांबरोबर आला, तेव्हा गाबोरोनच्या विमानतळावर त्याच्या पासपोर्टपलीकडे कुणी काहीही पाहिले नाही. अधिकारी बाईंनी त्याला शाळेविषयी दोन प्रश्न विचारले आणि शिक्का मारला. दाखला नगरपालिकेतून दुरुस्त होऊन येईपर्यंत तिकीट दुप्पट होईल, हाही विचार व्हावा. संमतीपत्र मात्र जरूर करून घ्यावे, त्याबद्दल माझे दुमत नाही.

प्रेषक: लोबात्से

काकांचे म्हणणे वाचून राहवले नाही, म्हणून लिहिते. प्रश्न गाबोरोनच्या खिडकीवर येतच नाही, तो मुंबईत विमान कंपनीच्या काउंटरवर येतो. परत पाठवलेल्या प्रवाशाचा भुर्दंड कंपनीवर पडतो, म्हणून तिथले कर्मचारी इमिग्रेशनपेक्षाही काटेकोर असतात.

माझी नणंद तिच्या मुलीला घेऊन येत होती. दाखल्यावर मुलीचे नाव होते, वडिलांचे होते, परंतु आईच्या जागी नणंदेचे माहेरचे नाव होते आणि पासपोर्टवर सासरचे. रात्री एक वाजता काउंटरवरच्या मुलाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून विचारले, “या दोन बाया एकच कशावरून?” विवाह नोंदणीचा दाखला कपाटात, कपाटाची किल्ली सासूबाईंकडे आणि सासूबाई झोपलेल्या. दिरांनी त्यांना उठवून दाखल्याचा फोटो पाठवेपर्यंत काउंटर बंद झाले होते. मुलगी ट्रॉलीवरच झोपून गेली होती. ते विमान गेले आणि त्याबरोबर पैसेही गेले.

तेव्हा ताई, बहिणीचे दाखल्यावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव जुळते का, हे आजच तपासा. काकांचा पुतण्या आई-वडिलांबरोबर होता, तुमचा भाचा नाही, हाही फरक लक्षात घ्यावा. दाखला फक्त मराठीत हाताने लिहिलेला असेल, तर नवा घेताना मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत छापलेला मागून घ्यावा.

प्रेषक: फ्रान्सिसटाउन

लोबात्सेच्या ताईंचा अनुभव वाचून माझे मत मागे घेतो. काउंटरचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता.

प्रेषक: डॉक्टर वहिनी, सेलिबी-फिक्वे

दाखल्याचे मार्गी लागेल, पण अदीस अबाबामार्गे तिकीट या एका वाक्याकडे कुणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. इथिओपिया पीतज्वराच्या (यलो फीव्हर) देशांत मोडतो. अशा देशातून आलेल्या किंवा त्या देशातून विमान बदलून आलेल्या, एक वर्षावरील प्रत्येक प्रवाशाकडे बोत्स्वाना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागू शकतो. भारतात परततानाही हाच प्रश्न येतो. विमानतळाबाहेर न पडलेल्यांना तिथे सूट देता येते, परंतु ती आरोग्य अधिकाऱ्याच्या संमतीवर अवलंबून असते.

“मग लस टोचून घेऊ,” असे सहज म्हटले जाते. मुलाच्या बाबतीत ते ठीक आहे. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि 2016 च्या जुलैपासून ते जन्मभर चालते. आई-बाबांची गोष्ट वेगळी आहे. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून प्रकृती आणि चालू औषधे पाहून डॉक्टरांनीच निर्णय घ्यावा लागतो. ज्या देशात उतरायचेही नाही, त्या देशासाठी सत्तरीच्या माणसांना ही लस द्यावी, हे माझ्या मनाला पटत नाही. नैरोबीलाही हेच लागू आहे. आखाती देशातून जोहान्सबर्ग आणि तिथून गाबोरोन असे तिकीट काढा, ते थोडे महाग पडले तरी चालेल.

प्रेषक: माजी सचिव, गाबोरोन

वहिनींशी पूर्ण सहमत आहे, मात्र जोहान्सबर्गची पुढची अट त्यांनी लिहिलेली नाही. मुंबईपासून गाबोरोनपर्यंत तिकीट एकच असले पाहिजे. स्वस्त पडते म्हणून दोन तुकड्यांत तिकीट काढले, तर बहुतेक वेळा सामान जोहान्सबर्गला उतरवून पुन्हा द्यावे लागते, सामान घेण्यासाठी इमिग्रेशन ओलांडावे लागते आणि भारतीय पासपोर्टला त्यासाठी दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. आई-बाबांनी मुंबईच्या काउंटरवर बॅगेच्या चिठ्ठीवर ‘GBE’ ही अक्षरे, म्हणजे गाबोरोनचा संकेत, स्वतः पाहून घ्यावीत. ‘JNB’, म्हणजे जोहान्सबर्ग, दिसले, तर तिथेच थांबून बदलून घ्यावे. हा सूचनापत्राचा सातवा मुद्दा आहे.

प्रेषक: माउन

ताईंनी मागे फोनवर सांगितले होते की सगळे मिळून उत्तरेकडे कसाने आणि माउनला येणार आहेत, म्हणून पशुवैद्यकीय कुंपणाबद्दल लिहिते. ही गोष्ट पाहुण्यांना कुणी आधी सांगत नाही आणि मग नाक्यावर डबे रिकामे करायची वेळ येते.

इथले गोमांस युरोपात निर्यात होते आणि त्यासाठी दक्षिणेकडचा भाग लाळ्या-खुरकुत रोगापासून मुक्त ठेवावा लागतो. उत्तरेतल्या रानम्हशींमध्ये या रोगाचे विषाणू असतात, म्हणून देशाच्या मधोमध शेकडो किलोमीटरची कुंपणे आहेत. कुकेचे कुंपण तर 1958 सालचे आहे. दक्षिणेकडे परतताना नाक्यावर सगळ्यांनी गाडीतून उतरायचे, चपला-बूट औषधाच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटावर दाबायचे, डिकीत ठेवलेले जोडही काढून भिजवायचे आणि गाडीची चाके औषधाच्या डबक्यातून न्यायची. शीतपेटी उघडून पाहतात. कच्चे मांस आणि न तापवलेले दूध यांना परवानगी नाही, आणि घरगुती दुधाच्या पदार्थांवरून नाक्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. माझ्या सासऱ्यांनी लेकीसाठी जपून आणलेला खव्याचा डबा इथेच ठेवावा लागला होता. ते रागावले नाहीत, पण पुढचे शंभर किलोमीटर गाडीत कुणी बोलले नाही.

भारतातूनही आईंनी तूप, खवा, मेथीचे बी किंवा तुळशीचे रोप आणू नये. प्राणिजन्य पदार्थ आणि बी-रोपे यांवर निर्बंध आहेत. पोहे, मेतकूट, लाडूंसाठी भाजलेले पीठ आणावे आणि लाडू इथे वळावेत.

प्रेषक: लोबात्से

कुंपणाचा विषय निघालाच आहे, तर एवढे नोंदवणे मला आवश्यक वाटते की याच कुंपणांना अडून कलहारीतले विल्डबीस्ट (हरणांसारखे मोठे प्राणी) 1980 च्या दशकातल्या दुष्काळात पाण्यापर्यंत पोहोचू न शकल्याने हजारोंनी मेले. पाहुण्यांना सफारी दाखवताना हाही इतिहास आपण सांगावा.

प्रेषक: माउन

ताई, ते खरे आहे आणि त्याचे दुःख इथे राहणाऱ्यांना अधिक आहे. पण माझ्या शेजारणीचे घर बारा गाईंवर चालते आणि रोग पसरला की त्या घराचे काय होते, हेही मी पाहिले आहे. पाहुण्यांना दोन्ही सांगू या.

प्रेषक: फ्रान्सिसटाउन

आजी-आजोबांच्या जेवणाची चिंता नको. कोणत्याही दुकानात ‘माबेले’ या नावाने ज्वारीचे पीठ मिळते, फक्त रवाळ दळलेले नको, बारीक पाहून घ्यावे. रंग आपल्या मालदांडीपेक्षा तांबूस असतो आणि भाकरी कडेला थोडी चिरते, पण उकळत्या पाण्याची उकड घेऊन मळले की चांगली थापता येते. माझे वडील सोलापूरकडचे. पहिल्या दिवशी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून नाकाशी धरला आणि विचारले, “ही इथे कुणी पेरली?” मोरोगो ही पालेभाजी भाकरीबरोबर छान लागते.

प्रेषक: कसाने

मे महिन्यासाठी तीन गोष्टी सांगतो.

झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवरचा व्हिक्टोरिया धबधबा इथून सुमारे 80 किलोमीटरवर आहे आणि प्रत्येक पाहुण्याला तिथे जायचेच असते. परंतु सीमा ओलांडली की तुम्ही बोत्स्वानाबाहेर गेलात. आई-बाबांचा आणि मुलाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर संध्याकाळी परत येता येणार नाही. अर्ज भरतानाच एकाहून अधिक प्रवेशांचा मागावा. झांबेझी नदीवरचा काझुंगुलाचा 923 मीटरचा पूल 10 मे 2021 ला सुरू झाल्यापासून झांबियाची बाजू सोपी झाली आहे. पूर्वी तराफ्यासाठी मालट्रकांच्या रांगेत दिवस जात असे. मुलाचा दाखला आणि संमतीपत्र तिथेही जवळ ठेवावे आणि संमतीपत्रात झांबिया व झिम्बाब्वे ही नावे आत्ताच घालून घ्यावीत. या दोन्ही देशांत लष्करी ठिपक्यांचे कपडे नागरिकांना चालत नाहीत. मुलांच्या टोप्या-चड्ड्यांवर तो छाप हमखास असतो, तेवढे पाहावे. मेमध्ये धबधब्याला पाणी एवढे असते की तुषारांनी माणूस नखशिखांत भिजतो. पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत.

गाबोरोनला मलेरिया नाही, पण आमच्याकडे मेमध्येही असतो. गोळ्यांविषयी डॉक्टर वहिनींना विचारावे.

आणि नाता गावाच्या पुढे रात्री गाडी चालवू नये. नाता ते कसाने 300 किलोमीटर रस्ता सरळ आहे, म्हणून वेग वाढतो आणि काळोखात हत्ती डांबरावर उभा असला तरी दिव्यात दिसत नाही, कारण त्याचा रंगही डांबरासारखाच असतो. मी एकदा त्याच्या पायांच्या हालचालीवरून ओळखले, तेव्हा अंतर वीस पावले उरले होते.

प्रेषक: डॉक्टर वहिनी, सेलिबी-फिक्वे

कसानेच्या भाऊंनी विचारले म्हणून: अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हे मलेरियाचे औषध दिल्यास कसानेला पोहोचण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस चालू ठेवायचे असते. मुलाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून त्याचे आजचे वजन कळवावे. आई-बाबांच्या चालू औषधांची यादीही पाठवावी.

प्रेषक: ब्रॉडहर्स्ट, गाबोरोन

सर्वांचे मनापासून आभार. अदीस अबाबाचा विचार सोडला. बहीण आणि मेहुणे सोमवारी अर्ज देऊन आले आणि आज नवा दाखला हाती आला. रेघेच्या जागी भाच्याचे पूर्ण नाव आले आहे आणि बहिणीचे नाव दोन्हीकडे सासरचेच आहे. संमतीपत्रात तिन्ही देश घातले आहेत. मुंबई ते गाबोरोन एकच तिकीट काढले, मात्र तारीख 9 ऐवजी 16 मे झाली. अण्णा, बॅगेच्या चिठ्ठीवरची अक्षरे बाबांनी वहीत लिहून घेतली आहेत. वहिनी, वजन 34 किलो आहे, औषधांची यादी उद्या पाठवते.

मेअखेरीस कसानेजवळच्या चोबे राष्ट्रीय उद्यानात पहाटे उघड्या गाडीत बसायचे म्हणजे थंडी असणार, आणि उन्हाळ्यातून येणारी माणसे लोकरीचे काही आणणार नाहीत. कुणाकडे अकरा वर्षांच्या मुलाला बसेल असे जाकीट आणि दोन कानटोप्या असतील, तर रविवारी मंदिरात घेऊन याव्यात.