विषय: सांगलीच्या डीव्हीडीत संबळ आधी, आवाज मागून

प्रेषक: सांस्कृतिक समिती

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या कार्यक्रमात आपल्याकडच्या गोंधळाचा एक छोटा भाग दाखवायचं ठरलंय. आमच्या घरच्या लग्नानंतर सांगलीला जो गोंधळ घातला, त्याची डीव्हीडी विश्रामबागेत सासूबाईंच्या कपाटात आहे. दिरांनी ती कॉम्प्युटरला लावली. आत जीबी-जीबीच्या व्हीओबी फाइली (डीव्हीडीवरचं चित्र नि आवाज यांतच असतात) निघाल्या. त्या एकेक करून एमपी-फोर केल्या, मग जोडल्या आणि ड्राइव्हवर टाकल्या.

सुरुवात छान आहे. ‘तुळजापूरची भवानी गोंधळाला ये’पर्यंत सगळं जुळतं. पुढे मात्र संबळावर काडी पडलेली दिसते आणि आवाज नंतर येतो. आरतीपर्यंत टाळ्या एकीकडे, आवाज भलतीकडे. एकांनी सुचवलं की इथे अमेरिकेत सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे चित्रं, चालतात, म्हणून सगळं ३० वर न्या. करू का?

---

प्रेषक: कृष्णाकाठ (सध्या मुक्काम सांगली)

सूनबाई, ३० वर मुळीच नेऊ नकोस. आपल्याकडच्या डिस्क पाल या टीव्ही पद्धतीच्या, सेकंदाला २५ फ्रेम, चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. तुमच्याकडची पद्धत एनटीएससी, सेकंदाला २९.९७ फ्रेम. हा फरक डिस्क थेट प्लेअर आणि जुन्या टीव्हीवर लावताना नडायचा. फाइल लॅपटॉपवर चालवायची तर २५ काय नि ३० काय, त्याला फरक पडत नाही. उलट २५ चे ३० करताना प्रोग्रामला मधल्या फ्रेम कुठून तरी पैदा कराव्या लागतात. गोंधळी नाचताना चित्र अडखळेल, आणि आवाज मागे आहे तो मागेच राहील.

आधी बिघाड कुठल्या जातीचा आहे ते बघा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल लावा. विंडोजवर जे आणि के या कळांनी आवाज ५०-५० मिलिसेकंदांनी मागेपुढे सरकतो. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी संबळाचा एखादा ठोका पकडून तो जुळेपर्यंत कळ दाबा नि आकडा लिहून ठेवा. यासाठी संबळासारखं दुसरं काही नाही. काडी कातड्याला लागते तो क्षण डोळ्यांना स्वच्छ दिसतो. गाणाऱ्याच्या ओठांवर जाऊ नका, तिथे फसायला होतं.

तिन्ही ठिकाणी आकडा एकच आला तर सगळा आवाज एकसारखा सरकलाय. हे सर्वांत सोपं. हळूहळू वाढत गेला तर वेगात फरक आहे. २९.९७ ला कुणी ३० धरलं, तर तासाभरात ३.६ सेकंद पडतात. आणि आकडा ठरावीक जागीच एकदम उडी मारत असेल तर दोष सांध्यात. तुझ्या वर्णनावरून मला हा तिसरा प्रकार वाटतो.

कारण असं. डीव्हीडीवर चित्र आणि आवाज लहान लहान पाकिटांत आलटून पालटून भरलेले असतात. पंगतीत भात आधी पडतो आणि आमटी मागून येते, तसं चित्र थोडं आधी येतं, त्याच क्षणाचा आवाज जरा मागून. कोणता आवाज कोणत्या चित्राचा, हे पाकिटावरच्या वेळेच्या शिक्क्यावरून कळतं. व्हीओबीचे तुकडे मात्र निव्वळ आकारावर पडतात, १ जीबी झालं की पुढची फाइल. त्यामुळे पहिल्या फाइलमधल्या शेवटच्या चित्रांचा आवाज दुसरीच्या तोंडाशी जातो. दुसरी फाइल सुटी बदलली आणि प्रोग्रामने तिचं चित्र नि आवाज दोन्ही शून्यापासून मोजले, की आवाज मागे पडला. असे तुकडे जोडले की सांध्यावर आवाज उडी मारतो.

म्हणून व्हीओबी सुट्या हाताळायच्याच नाहीत. व्हिडिओ_टीएस हे अख्खं फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, आयएफओ फाइलींसकट. लोक त्या चिमुकल्या म्हणून टाकून देतात; कार्यक्रम कुठून कुठे सलग आहे ते त्यांच्यातच लिहिलेलं असतं. मग हँडब्रेक या व्हिडिओ बदलण्याच्या प्रोग्राममध्ये फाइल न उघडता ते फोल्डर उघडा. फ्रेम रेट २५, कॉन्स्टंट म्हणजे सगळीकडे एकसारखा. आवाज ४८ किलोहर्ट्झ राहू द्या. डीइंटरलेस (एकाआड एक ओळींत भरलेलं चित्र एकसंध करणं) चालू ठेवा, नाहीतर हात हलला की कंगव्याचे दात दिसतात. हँडब्रेक कुरकुरला तर मेकएमकेव्ही हा प्रोग्राम, डीव्हीडीसाठी फुकट आहे. दर्जा न बदलता सलग एमकेव्ही फाइल (व्हिडिओचाच एक प्रकार) काढून देतो.

डिस्कवर ओरखडे असतील तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको. वाचताना तुकडा गळला तरी अशीच उडी बसते. गणपती मंदिराकडे जाताना विश्रामबागेत डोकावेन. भडंग मात्र घरचं लागेल, सासूबाईंना सांगून ठेव.

---

प्रेषक: नवीन सभासद

काका, मध्येच बोलतो. ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाकलं तर नाही का होणार?

---

प्रेषक: कृष्णाकाठ

होईल की. पण चार जीबी चढवत बसायचं, आणि घरच्या बायाबापड्यांचा व्हिडिओ अनोळखी ठिकाणी ठेवायचा? मला नाही पटत.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती

काका, उड्या बरोबर सांध्यांवरच होत्या! फोल्डर उघडून केल्यावर त्या गेल्या. आता पहिल्यापासून शेवटपर्यंत आवाज साधारण २०० मिलिसेकंद मागे आहे, तिन्ही ठिकाणी आकडा एकच. दिरांनी डिस्क टीव्हीच्या प्लेअरवर लावली, तिथेही तेच.

---

प्रेषक: कृष्णाकाठ

म्हणजे ते डिस्कवरच तसं भरलंय, कॅसेटवरून उतरवतानाच झालं असणार. एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्राममध्ये आवाजाचा ट्रॅक निवडून डिले (उशीर) उणे २०० मिलिसेकंद द्या. व्हिडिओ पुन्हा एन्कोड, म्हणजे नव्याने तयार, करावा लागत नाही, काम लगेच उरकतं. मग ठोका बघा. १०-२० मिलिसेकंद इकडेतिकडे कुणाला कळायचं नाही. आवाज पुढे गेला तर सुमारे ४५ मिलिसेकंदांपासून खटकतं, मागे राहिला तर १२५ पर्यंत खपतं. वीज आधी दिसते, गडगडाट मागून, याची सवय आहे आपल्याला. तेव्हा शंका असेल तर किंचित मागेच ठेवा.

---

प्रेषक: सभागृह व्यवस्था

वहिनी, फाइल उतरवून घेतली, घरी लॅपटॉपवर अगदी जुळतेय. एक विनंती: सभागृहात ब्लूटूथ स्पीकर नको. त्याने आवाज पुन्हा मागे पडेल आणि काकांना सांगलीत उचक्या लागतील. मी लांब वायर आणतो. शनिवारी प्रोजेक्टर लावून संबळाचा ठोका तपासू. तीनेक जण लवकर आलात तर खुर्च्याही मांडून होतील.