मदत हवी आहे: नव्या वनस्पती-मत्स्यालयात कार्बन डायऑक्साइड पहिल्या दिवसापासून द्यावा, की सायकलिंग पूर्ण झाल्यावर?

नमस्कार.

गोड्या पाण्याचे, भरपूर वनस्पती असलेले मत्स्यालय नव्याने उभारत आहे. त्यात कार्बन डायऑक्साइड केव्हापासून आणि किती द्यावा, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. आतापर्यंत वाचलेल्या सल्ल्यांमध्ये दोन तट स्पष्ट दिसतात. काहींच्या मते लागवड झाली त्याच दिवशी वायू सुरू करावा. इतरांच्या मते आधी सायकलिंग पूर्ण होऊ द्यावे, म्हणजे उपयुक्त जिवाणू रुजून विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊ द्यावेत, मगच सिलिंडर उघडावा. दोन्ही बाजूंची कारणे पटण्याजोगी आहेत, आणि म्हणूनच निर्णय होत नाही.

टाकी ६० × ३० × ३६ सेंटिमीटरची असून प्रत्यक्षात सुमारे ५० लिटर पाणी मावते. तळाला वनस्पतींसाठीची पोषक दाणेदार माती, म्हणजे अ‍ॅक्वासॉइल आहे. पुढे माँटे कार्लो, मागे रोटाला रोटुंडिफोलिया, मध्यभागी क्रिप्टोकोरिन वेंडटी आणि लाकडावर अनुबियास अशी लागवड आहे. मासे किंवा कोळंबी अजून सोडलेली नाही आणि सायकलिंग पूर्ण होईपर्यंत सोडणारही नाही. वायूसाठी २ किलोचा सिलिंडर, सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणारी झडप) व नीडल व्हॉल्व्ह (प्रवाह बारकाईने जुळवणारी झडप) असलेला रेग्युलेटर, बबल काउंटर, चेक व्हॉल्व्ह आणि चिनी मातीच्या चकतीचा, वायूचे बारीक बुडबुडे करणारा डिफ्यूझर हे साहित्य जोडून तयार आहे.

लवकर सुरू करावे असे वाटण्याचे मुख्य कारण वनस्पतींच्या आधीच्या वाढीत आहे. बाजारात येणाऱ्या बहुतेक जलवनस्पती रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेल्या असतात. पाण्यात बुडाल्यावर त्यांची जुनी पाने निकामी होत जातात आणि त्यांना पाण्याखालच्या घडणीची नवी पाने तयार करावी लागतात. नवे पान म्हणजे मुख्यतः कार्बन. वनस्पतीच्या कोरड्या वजनात त्याचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक असतो. उलट हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात एका लिटरमागे एक मिलिग्रॅमहूनही कमी कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, आणि पाण्यातून तो पानापर्यंत पोहोचण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजारावा हिस्सा असतो. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच पुरवठा सर्वांत तोकडा असतो. माँटे कार्लोसारखी खुरटी, दाट पसरणारी वनस्पती या काळात मागे पडली, तर तिची जागा शेवाळ घेते, ही मला खरी भीती आहे.

दुसऱ्या बाजूची शंकाही गंभीर आहे. अ‍ॅक्वासॉइल सुरुवातीला अमोनिया सोडते आणि पाण्यातील कार्बोनेट शोषून घेते. त्यात कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच आणखी उतरला, तर नायट्रीकरण (अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर) करणारे जिवाणू मंदावून सायकलिंग लांबेल का?

सर्वांत मोठी अडचण मोजमापाची आहे. केएचला (पाण्यातील कार्बोनेटचे प्रमाण दाखवणाऱ्या मापाला) ३ ने आणि १० च्या (७ वजा पीएच) घाताने गुणले की वायूचे प्रमाण मिळते, असे सूत्र सर्वत्र दिलेले असते. केएच ४ आणि पीएच ६.६ असल्यास उत्तर सुमारे ३० पीपीएम (लिटरमागे ३० मिलिग्रॅम) येते. माझ्या टाकीत वायू सुरू नसतानाच केएच १ आणि पीएच ६.४ आहे. सूत्रात हे आकडे घातले तर १२ पीपीएम येतात, जे शक्यच वाटत नाही. मग ३० पीपीएमचे लक्ष्य गाठले की नाही, हे कशावरून ठरवावे? मासे नसताना त्याहून अधिक वायू दिला तर चालेल का, आणि प्रकाश रोज किती तास ठेवावा? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कारणांसह लिहिल्यास मोठी मदत होईल.

प्रतिसाद १

तुमची मांडणी नेमकी आहे, त्यामुळे उत्तरही ठामपणे देता येते: पहिल्या दिवसापासून सुरू करा. तुम्ही पहिल्या बाजूने दिलेले कारणच निर्णायक आहे. शिवाय वायूची कमाल मर्यादा माशांच्या श्वसनावरून ठरते, वनस्पतींवरून नाही. टाकीत प्राणी नसताना प्रमाण ३० च्या थोडे वर गेले तरी नुकसान होत नाही आणि नीडल व्हॉल्व्ह निर्धास्तपणे जुळवता येतो. ही सवलत पुढे मिळत नाही.

नायट्रीकरणाची चिंता निराधार नाही, पण तिचे वजन कमी आहे. पीएच ६ च्या आसपास गेल्यावर जिवाणूंचे काम मंदावते, हे खरे. मात्र ७ च्या खालच्या पाण्यात अमोनिया जवळजवळ संपूर्णपणे अमोनियमच्या रूपात असतो. ते रूप फारच कमी विषारी असते आणि वनस्पती ते थेट अन्न म्हणून घेतात. जोमाने वाढणारी रोटाला पाण्यातले बरेचसे अमोनियम स्वतःच उचलते. पहिल्या आठवड्यांत निम्मे पाणी वरचेवर बदलत राहा. सायकलिंग थोडे लांबले तरी मासे नसल्यामुळे कुणाला इजा होत नाही.

सूत्राबद्दलची तुमची शंका बरोबर आहे. पाण्याचा पीएच केवळ कार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे ठरत असेल, तेव्हाच ते सूत्र लागू पडते. अ‍ॅक्वासॉइल आणि लाकूड यांतून येणारी सेंद्रिय आम्ले पीएच वेगळ्याच कारणाने उतरवतात आणि सूत्र त्याचे श्रेय वायूला देते. म्हणून ड्रॉप चेकर (टाकीत लावायचे, रंगावरून वायूचे प्रमाण दाखवणारे छोटे पात्र) घ्या. त्यात टाकीचे पाणी न भरता केएच ४ चे तयार द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक भरायचा असतो. मधल्या हवेच्या पोकळीतून केवळ वायू आत जातो, त्यामुळे आम्लांचा परिणाम होत नाही. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे साधारण ३० पीपीएम आणि पिवळा म्हणजे जास्त. रंग बदलायला दोन तासांपर्यंत वेळ लागतो, तेव्हा व्हॉल्व्ह जरासा फिरवून लगेच निष्कर्ष काढू नका.

पडताळणीसाठी आणखी एक उपाय आहे. टाकीतले पेलाभर पाणी एक दिवस उघडे ठेवून त्याचा पीएच मोजा आणि वायू चालू असताना दुपारी टाकीतला मोजा. पीएच एका एककाने उतरला म्हणजे वायू अंदाजे दहापट झाला. उघड्या पाण्यात अर्धा ते एक मिलिग्रॅमच वायू उरतो, हे लक्षात घेता एका एककाने आपण जेमतेम १० पर्यंत पोहोचतो. त्यामुळे ‘एक एकक उतरले की ३० झाले’ हा प्रचलित ठोकताळा मला ढोबळ वाटतो. ड्रॉप चेकर हिरवा दिसला त्या दिवशीचा फरक टिपून ठेवा आणि पुढे तोच तुमच्या टाकीचा मापदंड माना.

टायमर असा लावा, की सोलेनॉइड दिवे लागण्याच्या दीड-दोन तास आधी उघडेल आणि दिवे मालवण्याच्या तासभर आधी बंद होईल. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते आणि वनस्पती स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून तेव्हा वायूचा उपयोग नाही. प्रकाश सुरुवातीला सहा तास पुरे. प्रकाश वाढला की कार्बनची मागणी वाढते, आणि ती भागली नाही तर शेवाळाला संधी मिळते. वायूचे प्रमाण रोज सारखे राहणे हे २५ की ३० या प्रश्नापेक्षा महत्त्वाचे आहे.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. सिलिंडरविषयी थोडे जोडतो. आत द्रवरूप कार्बन डायऑक्साइड असतो आणि २० अंश सेल्सिअसला त्याचा दाब सुमारे ५७ बार असतो. द्रव शिल्लक असेपर्यंत हा दाब उतरत नाही, म्हणून गेजवरून उरलेला वायू कळत नाही. सिलिंडरचे वजन करावे लागते. द्रव संपल्यावर दाब झपाट्याने पडतो, आणि काही साध्या एकटप्पी रेग्युलेटरमधून नेमक्या त्याच वेळी बुडबुडे वाढतात. मासे असलेल्या टाकीत हे प्राणघातक ठरू शकते. सिलिंडर नेहमी उभा ठेवा, अन्यथा द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या दिवसापासून वायू सुरू करण्याचे ठरवले आहे आणि ड्रॉप चेकर मागवत आहे. एकच शंका उरते: मासे सोडण्याआधी वायू किती कमी करावा, आणि तो सुरक्षित आहे हे कसे ओळखावे?

प्रतिसाद १

दर्शकाचा रंग दिवसाच्या शेवटी, म्हणजे सोलेनॉइड बंद होण्याच्या सुमारास, गडद हिरवा राहील इतका वायू मासे सोडण्याच्या आठवडाभर आधीच कमी करा, म्हणजे वनस्पतींनाही जुळवून घेता येईल. फिल्टरच्या प्रवाहाने पाण्याचा पृष्ठभाग हलका थरथरत ठेवा. थोडा वायू उडून जाईल, पण प्राणवायू मिळत राहील. पहिल्या दिवशी मोजकेच मासे सोडा आणि वायूचे प्रमाण सर्वाधिक असते त्या शेवटच्या दोन तासांत त्यांच्याकडे लक्ष ठेवा. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील किंवा कल्ल्यांची हालचाल वेगाने होत असेल, तर दर्शकाचा रंग काहीही असो, वायू ताबडतोब बंद करून हवेचा पंप चालू करा.