जीपीयूच्या कर्नलमध्ये रस्टची स्टँडर्ड लायब्ररी: कोणते काम कोणी करायचे?

दादरकर
नमस्कार. अतिवृष्टी आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली, तर मुंबईत पाणी कुठे साचेल याचा अंदाज देणारा प्रोग्राम आम्ही तिघे मित्र रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहीत आहोत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तोच दिवस आम्ही पहिल्या चाचणीसाठी घेतला आहे. हिंदमाता, शीव, कुर्ला हा सखल भाग लहान चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनासाठी जीपीयूवर (असंख्य गणिते एकाच वेळी करणाऱ्या ग्राफिक्स चिपवर) एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा, चालवतो. गणित व्यवस्थित होते, परंतु कर्नल, म्हणजे जीपीयूवर चालणारे फंक्शन, ‘नो-एसटीडी’ (भाषेसोबत येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीविना) असल्यामुळे पाण्याची खोली ऋण आलेला चौकोन छापता येत नाही, हॅशमॅप (किल्लीवरून मूल्य शोधून देणारी रचना) मिळत नाही आणि जमिनीच्या उंचीच्या फाइली आधीच सीपीयूवर वाचून पाठवाव्या लागतात. संपूर्ण स्टँडर्ड लायब्ररी जीपीयूवर आणणे शक्य आहे का, आणि असल्यास त्याची किंमत कुठे मोजावी लागते?

पवईकर
शक्य आहे, मात्र आधी ही लायब्ररी कशी रचलेली आहे ते पाहावे. तिचे तीन थर आहेत. ‘कोअर’ला कशाचीच गरज नसते, ‘अ‍ॅलॉक’ला फक्त मेमरी देणारा कोणीतरी लागतो, आणि ‘एसटीडी’ ऑपरेटिंग सिस्टिम हाताशी आहे असे गृहीत धरते. जीपीयूवर ऑपरेटिंग सिस्टिम नसते, त्यामुळे खरा प्रश्न फक्त तिसऱ्या थराचा आहे. हॅशमॅप तिसऱ्या थरात आहे तो केवळ हॅशसाठी लागणारे यादृच्छिक बीज सिस्टिमकडून घ्यावे लागते म्हणून. ‘हॅशब्राउन’ हे क्रेट (रस्टचे तयार पॅकेज) ठरावीक हॅशरसह वापरले, तर तुमची ती अडचण आजच सुटेल.

फाइल उघडणे, छापणे, घड्याळातली वेळ विचारणे ही कामे जीपीयूने सीपीयूकडून करून घ्यायची असतात. दोघांनाही दिसेल अशी पिन केलेली (जागेवरून न हलणारी) मेमरी राखून ठेवायची; जीपीयूवरचा थ्रेड तिच्यात मागणी लिहितो आणि खूण बदलतो, सीपीयूवरचा एक थ्रेड सतत ती खूण तपासत राहून काम उरकतो आणि उत्तर लिहून खूण परत फिरवतो. एलएलव्हीएम प्रकल्पाची जीपीयूसाठीची सी लायब्ररी याच पद्धतीने चालते. येथे दोन चुका हमखास होतात आणि त्या शोधताना माझे कितीतरी दिवस गेले आहेत. पहिली म्हणजे खूण बदलताना मेमरीच्या क्रमाची हमी फक्त ब्लॉकपुरती (एकत्र चालणाऱ्या थ्रेडच्या गटापुरती) घेणे. ती संपूर्ण सिस्टिमपुरती घ्यावी लागते, अन्यथा खूण बदललेली दिसते पण मजकूर जुनाच वाचला जातो. दुसरी म्हणजे कर्नल संपण्याची वाट पाहणाऱ्या थ्रेडवरच मागण्या तपासण्याचेही काम सोपवणे. मग कर्नल उत्तरासाठी थांबतो, सीपीयू कर्नलसाठी थांबतो आणि दोघेही तिथेच अडकून राहतात.

ठाणेवासी
पवईकर यांचे वर्णन अचूक आहे, पण मला एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. एनव्हिडियाच्या चिपवर 32 थ्रेड एका वॉर्पमध्ये एकत्र चालतात. त्यांतील एकानेच फाइल मागितली, तरी बहुतेक वेळा उरलेले 31 त्याच्यासाठी ताटकळतात. सीपीयूवर जी ओळ निरुपद्रवी असते, तीच ओळ येथे सगळा वेग खाऊन टाकते आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कुलपांचेही तसेच आहे. 2017 मध्ये एनव्हिडियाची व्होल्टा ही चिपरचना येण्यापूर्वी, एका वॉर्पमधील एका थ्रेडने म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारे कुलूप) धरला आणि शेजारचे थ्रेड तो मिळेपर्यंत फिरत राहिले, तर कुलूप सोडणाऱ्याची पाळीच येत नसे. व्होल्टापासून प्रत्येक थ्रेड स्वतंत्रपणे पुढे सरकू शकतो, पण ही हमी सर्वच उत्पादकांच्या चिपवर गृहीत धरता येत नाही. म्हणून ही लायब्ररी यावी असे मलाही वाटते, मात्र कोणते फंक्शन सीपीयूपर्यंत जाऊन येते हे तिच्या दस्तऐवजात प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

दादरकर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. फाइली आम्ही पूर्वीप्रमाणेच आधी वाचून पाठवू. मात्र ऋण खोलीची नोंद कर्नलमधूनच हवी आहे, कारण भरतीच्या वेळी समुद्राकडची दारे बंद झाली की नेमकी त्याच क्षणी चूक उद्भवते. कूडाचे (एनव्हिडियाच्या जीपीयू प्रोग्रामिंग व्यवस्थेचे) प्रिंटएफ हे छापण्याचे फंक्शन पुरेल का? आणि प्रत्येक थ्रेडने स्वतःचा व्हेक्टर (हवी तशी वाढणारी यादी) वाढवला तर चालेल का?

पवईकर
प्रिंटएफचा बफर मुळात 1 मेगाबाइटचा असतो आणि तो वर्तुळाकार असल्याने भरून वाहिला की जुन्या ओळी पुसल्या जातात. तुमची पहिली चूक हीच कामाची असल्यामुळे ती हरवू देऊ नका. ठरावीक आकाराचा बफर घेऊन अ‍ॅटॉमिक मोजणीने (दोन थ्रेडना एकच आकडा न देणाऱ्या मोजणीने) जागा वाटा आणि तो भरला की पुढची नोंद सोडून द्या. वॉर्पमधील सर्वांच्या जागा एकाच थ्रेडने एकदम मागितल्या, तर मोजणीवरची गर्दी बरीच कमी होते. कर्नलच्या आत मेमरी मागण्यासाठीचा हीप (राखीव साठा) मुळात 8 मेगाबाइटचाच असतो आणि तो कर्नल सुरू होण्यापूर्वी वाढवावा लागतो, तेव्हा प्रत्येक थ्रेडचा वाढता व्हेक्टर टाळाच. आणखी एक: ‘अनरॅप’ काढून टाका; मूल्य नसेल तर ते पॅनिक करते, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबवते. पॅनिकचे रूपांतर ट्रॅपमध्ये (कर्नल सक्तीने तोडणाऱ्या सूचनेत) झाले की त्या प्रोसेसचा कूडा कॉन्टेक्स्टच (जीपीयूवरील तिचे संपूर्ण कामकाज) निकामी होतो आणि ज्या नोंदी वाचायच्या होत्या त्या जीपीयूच्या मेमरीत असतील तर त्याही हाती लागत नाहीत. नोंदींचा बफर पिन केलेल्या मेमरीत ठेवलात तर मात्र तोपर्यंत तिथे पोचलेले सीपीयूवरून वाचता येते.