मदत हवी आहे: लेकीची ११० सीसी एटीव्ही दहा मिनिटं चालते आणि बंद पडते

नमस्कार मंडळी,

निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे. माझ्या दहा वर्षांच्या लेकीला तिच्या आजोबांनी गेल्या वर्षी मुलांची छोटी एटीव्ही (चार जाड चाकांची, हँडलची गाडी) घेऊन दिली. गाडी पासिंगची नाही, त्यामुळे बांधाबाहेर जात नाही. पॅकहाऊससमोरच्या पटांगणात आणि बागेच्या कडेच्या चाकोरीतून फिरवते, हेल्मेट घालूनच, आणि आमच्यापैकी कोणीतरी सोबत असतंच. आता गाडी नीट चालत नाहीये आणि मला कारण सापडत नाहीये. आत्तापर्यंत काय काय केलं ते सगळं लिहिते, म्हणजे कोणाला पुन्हा विचारावं लागणार नाही.

इंजिनावर १५२एफएमएच असं ओतलेलं आहे. १०७ सीसी, फोर स्ट्रोक, एअर कूल्ड, आडवा सिलिंडर. पुढे, न्यूट्रल, रिव्हर्स एवढेच गिअर. फक्त सेल्फ, किक नाही. कार्बोरेटर पीझेड १९, टाकी प्लॅस्टिकची.

जूनमध्ये गाडी पत्र्याच्या शेडमध्ये लावली, ती दिवाळीनंतर बाहेर काढली. टाकीत अर्धं पेट्रोल तसंच राहिलं होतं. बॅटरी चार्ज केल्यावर चोक ओढून सुरू झाली, पण चोक सोडला की मरायची. आमच्याकडे थंडीत पहाटे पारा इतका उतरतो की चोक लागणारच, पण ही भर दुपारी उन्हातही चोकशिवाय उभी राहीना.

कार्बोरेटर मीच उघडला. खालच्या वाटीत पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे दोन-तीन टपोरे थेंब वेगळे दिसत होते आणि कडेला पांढरी भुकटी धरली होती. मेन जेटमधून उजेड दिसला. शेजारचा पायलट जेट, जो संथ चालताना पेट्रोल देतो आणि ज्याचं भोक केसाएवढं असतं, तो आभाळाकडे धरला तर काहीच दिसेना. क्लीनर मारून रात्रभर ठेवला, सकाळी तांब्याच्या वायरीचा एकच तंतू त्यातून फिरवला, तेव्हा टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला. जुनं पेट्रोल फेकलं, टाकी धुतली, फिल्टर आणि प्लग नवे टाकले. दोन लिटर ताजं पेट्रोल भरलं, म्हणजे साधारण अर्धी टाकी. पहिल्या सेल्फला सुरू, चोक बंद केला तरी संथ चालू. खूप आनंद झाला.

पण तो दहा-बारा मिनिटंच टिकला. चालता चालता रेस देताना घुसमटते, दोनदा आचके देते आणि बंद. सेल्फ मारला तरी घेत नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. परवा वाटलं पेट्रोल कमी पडत असेल, म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरली, तर उलट पाच-सहा मिनिटांतच बंद पडली. एकदाच अशी बंद पडल्यावर लगेच सुरू झाली. त्या वेळी पेट्रोल आहे ना, हे बघायला मी झाकण उघडलं होतं.

तालुक्याच्या एका गॅरेजवाल्यांना बोलावलं. त्यांचं म्हणणं, गरम झाली की करंट जातो, सीडीआय (ठिणगीची वेळ साधणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) दोन्ही बदला. तपासताना त्यांनी किल स्विचची (मागची लाल दोरी ओढली की इंजिन बंद करतो तो) काळी-पांढरी वायर सोडवली आणि "आता हिचा त्रास नको" म्हणून तशीच टेपने गुंडाळून ठेवली. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. लेक चाकोरीतून येत होती, मी मागे चालत होते आणि सवयीने मागची लाल दोरी ओढली. इंजिन चालूच राहिलं. तिने ब्रेक लावला म्हणून निभावलं. तेव्हापासून तिला गाडीवर बसू दिलेलं नाही.

सीडीआय आणि कॉइलवर खर्च करू का, की दुखणं दुसरीकडे आहे?

प्रतिसाद १

ताई, मी सांगलीला दुचाकीचं गॅरेज चालवतो. आधी ती वायर जोडा, बाकी सगळं नंतर. या गाड्यांमध्ये दोरी ओढली की ती काळी-पांढरी वायर अर्थ होते आणि सीडीआयचा करंट थांबतो. तपासणीपुरती वायर सोडवणं बरोबर आहे, आम्हीही सोडवतो. पण लहान मूल बसणार त्या गाडीची वायर सोडून ठेवणं बरोबर नाही. जोडल्यावर इंजिन चालू करून दोरी तीनदा ओढून बघा. अंगठ्याच्या थ्रॉटलवर एक स्क्रू असतो, तोही बघा. तो आत असला की रेस कमी मिळते. तपासताना कोणी बाहेर काढला असेल तर परत आत घ्या.

आता इंजिनाचं. तुमचं इंजिन स्प्लेंडरच्याच घराण्यातलं, आडव्या सिलिंडरचं, त्यामुळे गावातला कोणताही चांगला मेस्त्री ते उघडू शकतो. पण उघडायची गरज पडेल असं वाटत नाही. बंद पडल्यावर तो गरम असतानाच, दोन मिनिटांच्या आत प्लग काढा. टोक कोरडं आणि पांढुरकं असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओलं असेल तर करंटकडे वळा. तोच प्लग टोपीत घालून हेडला टेकवा आणि सेल्फ मारा, म्हणजे ठिणगी आहे की नाही तेही दिसेल. पेट्रोलचे थेंब आधी पुसा आणि प्लगच्या भोकापासून लांब धरा.

प्रतिसाद २

एक्झॉस्टचा टॅपेट टाईट असला, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हवरची गॅप कमी असली, तरी हीच लक्षणं येतात. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, गार झालं की परत येतं. इंजिन पूर्ण थंड असताना दोन्हीकडे ०.०५ मिलिमीटर गॅप हवी. मॅग्नेटवरची (इंजिनाच्या चुंबकी चाकावरची) टीची खूण जुळवा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वर आहे याची खात्री करा आणि मगच फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घाला.

प्रतिसाद ३

उत्तर धाग्यातच आहे! टाकी भरल्यावर लवकर बंद पडली आणि झाकण उघडल्यावर लगेच सुरू झाली, ही दोन वाक्यं परत वाचा. पेट्रोल खाली उतरतं तेव्हा त्याची जागा घ्यायला टाकीत हवा यावी लागते. हवेची वाट बंद असेल तर आत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली यायचं थांबतं. अर्ध्या टाकीत वर भरपूर हवा असते, ती थोडी ताणली जाईपर्यंत गाडी चालते. टाकी गळ्यापर्यंत भरली की ताणायला हवाच नसते, मग कार्बोरेटरच्या वाटीत असेल तेवढ्यावरच गाडी चालते. थांबल्यावर कुठून तरी फटीतून हळूहळू हवा शिरते, वाटी भरते आणि गाडी परत सुरू होते.

झाकणातून एक बारीक काळी नळी निघून हँडलच्या मधल्या भोकात खोचलेली असते. ती उपसून फुंकून बघा.

प्रतिसाद ४

जरा वेगळं लिहितो, रागावू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की १६ वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवूच नये. ही गाडी उलटली तर अंगावर येते. तुम्ही सोबत असता हे वाचून बरं वाटलं. निदान उतारावर आणि शेततळ्याच्या बाजूला नेऊ नका.

धागाकर्ती

रागावण्यासारखं काही नाही, तुमचं बरोबर आहे. शेततळ्याकडे आम्ही जात नाही. चाकोरीचा एक चढ आहे, तोही आता बंद केला.

सगळ्यांचं ऐकून आज सकाळी क्रमाने तपासलं. वायर काल रात्रीच जोडली होती. तीनदा दोरी ओढली, तिन्ही वेळा इंजिन जागच्या जागी बंद. थ्रॉटलचा स्क्रूही बराच बाहेर काढलेला होता, तो आत घेतला.

मग मी स्वतः गाडीवर बसून पटांगणात फेऱ्या मारल्या. सातव्या मिनिटाला आचके, बंद. प्लग काढला, कोरडा ठणठणीत, टोक पांढुरकं. हेडला टेकवून सेल्फ मारला तर निळी ठिणगी लख्ख दिसली. म्हणजे करंट आहे. कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल केला, तर पेट्रोलची धार नाही, चार थेंब पडले आणि संपलं. फिल्टरही रिकामा. मग झाकण फिरवलं. टाकीने "फुस्स" करून हवा आत ओढली आणि डोळ्यांदेखत पारदर्शक फिल्टरमध्ये पेट्रोल चढलं.

काळी नळी हँडलमधून उपसली. फुंकर मारली तर गाल फुगले, हवा जाईना. टोकापासून बोटभर कापली, तर आत वाळलेली माती ठासून भरलेली, अगदी लिंपल्यासारखी, आणि तिच्यामागे एक वाळकी अळी. कुंभारीण माशीने पावसाळ्यात घर केलं होतं! शेडच्या वाशांवर तिची मातीची घरं दरवर्षी दिसतात, पण ती इथवर येईल हे डोक्यातही आलं नव्हतं. नवी नळी टाकली, बावीस रुपये. सीडीआय-कॉइलचे पैसे वाचले.

टॅपेटही बघितला. एक्झॉस्टला ०.०५ ची पट्टी जातच नव्हती, ती गॅप मेस्त्रींकडून करून घेतली. इंजिनाचा आवाज किंचित बदललाय, पण गार असताना सुरू व्हायला आता कमी वेळ लागतो.

संध्याकाळी टाकी गळ्यापर्यंत भरून सलग चाळीस मिनिटं चालवली. एकदाही अडखळली नाही. उद्या लेक बसेल.

शेवटची एक शंका. पुढच्या पावसाळ्यात टाकी भरून ठेवू की रिकामी? सासरे म्हणतात भरून ठेव, नाहीतर गंजेल.

प्रतिसाद १

बाबांचं म्हणणं लोखंडी टाकीसाठी बरोबर आहे. तुमची प्लॅस्टिकची आहे, ती गंजत नाही. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते पावसाळी हवेतला ओलावा ओढून घेतं. तुम्हाला वाटीत दिसलेले थेंब बहुतेक त्याचेच. म्हणून टाकी रिकामी करा, इंजिन चालू ठेवून आपोआप बंद पडू द्या, मग वाटीचा स्क्रू सोडून उरलेलं काढून टाका. बॅटरी काढून घरात ठेवा. आणि नळीच्या तोंडाला बारीक जाळीचा तुकडा रबराने बांधा. चिंधी कोंबू नका, नाहीतर दिवाळीनंतर हाच धागा परत वर येईल.