१६+ च्या पिक्चरला नऊ वर्षांची मुलगी नेली. होय, मीच तो बाप.

शाहूपुरीचा_शाहू
काल इथे कुणीतरी लिहिलं की 'छावा'ला लहान पोरं घेऊन आलेल्या आईबापांवर केस टाकली पाहिजे, असली माणसं पालक व्हायच्या लायकीची नाहीत, वगैरे. तेव्हापासून डोकं तापलंय. प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

तर मी त्यातलाच एक. फेब्रुवारी २०२५, पिक्चर लागल्यानंतरचा दुसरा रविवार, कोल्हापूर, दुपारचा शो. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. पिक्चर 'यूए १६+' आहे हे मला माहीत होतं.

चौथीच्या इतिहासात काय आहे? अफजलखानाचा कोथळा. शाहिस्तेखानाची बोटं. हे आपण नऊ वर्षांच्या पोरांना शिकवतो आणि वर परीक्षेत विचारतो. गॅदरिंगला खानाच्या पोटातून लाल रिबिनी ओढून काढतात आणि समोर आज्या टाळ्या वाजवतात. तेव्हा कुणाला बालमानसशास्त्र आठवत नाही. तुळापूरला मी तिला आधीच नेऊन आणलं होतं. तिथे १६८९ साली काय झालं ते तिला ठाऊक होतं.

आणि तो १६ चा आकडा म्हणजे पालकांना दिलेला सल्ला आहे, मनाई नाही. सिनेमाच्या कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीत तसं स्पष्ट लिहिलंय. माझ्या पोरीला काय झेपतं हे सेन्सॉरच्या चार टाळक्यांपेक्षा मला जास्त कळतं.

चला, हाणा आता.

अनघा_डोंबिवली
ते 'कुणीतरी' म्हणजे मी. नाव घ्यायला काय झालं होतं?

'केस टाका' हे रागात लिहिलं, तेवढं मागे घेते. बाकी एक अक्षरही नाही. माझा मुलगा सात वर्षांचा. मी माहेरी गेले होते, नवरा सोसायटीतल्या मंडळींबरोबर त्याला घेऊन गेला. त्यानंतर तीन आठवडे घरात रात्री ट्यूबलाइट चालू. नखं कापायला बसवलं की हात मागे. एकदा भाजीत मीठ टाकताना मला विचारतो, "आई, हे जखमेवर टाकल्यावर किती वेळ दुखतं?" सात वर्षांचं पोर!

तुमची रिबीन ही रिबीन आहे हे पोरांना कळतं, त्यांनीच ती आदल्या दिवशी गुंडाळून ठेवलेली असते. पुस्तकातला कोथळासुद्धा पोरं आपल्याला पेलेल तेवढाच डोळ्यांसमोर आणतात. पडद्यावर तीस फुटी चेहरा, चारी बाजूंनी किंकाळ्या, तिथे पोराच्या हातात काय उरतं?

आणि सरळ प्रश्न. तुमच्या मुलीने शेवट पाहिला का? तापलेल्या सळयांपर्यंत?

डोअरकीपर_निवृत्त
दोघंबी थांबा जरा. मी अकरा वर्षं सोलापुरात थेटरच्या दारावर काढली. एकच पडदा होता आमचा.

'ए' असला की आम्ही आडवायचो. आधार दाखवा, वय दाखवा. अठराच्या आत असला तर आईबाप संगं असले तरी आत नाही, कारण तपासणी आली तर थेटरवाल्याच्या मानंवर. यूएला आमच्या हातात कायबी नव्हतं. आधी बाराच्या आतलं पोरगं म्हणजे आईबापांनी ठरवायचं. आता ७, १३, १६ असे तीन आकडे केले, तरी दारावरच्या माणसानं कुणाला हाकलायचं न्हाई. म्हंजे शाहूराव म्हणतात ते कायद्यानं बरोबर हाय.

पण 'ए'ला बी लोक काय ऐकत्यात व्हय? डिसेंबर २०२३, 'ॲनिमल' लागलेला. एक फॅमिली आली, पोरगं पाचेक वर्षांचं, डोक्यावर वाढदिवसाची टोपी. म्हटलं साहेब, ए हाय. तर म्हणतो, "आम्ही डोळे झाकतो की त्याचे." साडेतीन तासांच्या आत-बाहेर पिक्चर हाय, किती वेळ झाकणार? आत सोडलं न्हाई तर कॉलर धरली माझी. मॅनेजरनं मलाच सांगितलं, "गिऱ्हाइकाशी नीट बोल." पुढच्या महिन्यात नोकरी सोडली.

लीड्सचा_लंबोदर
ब्रिटनमध्ये हा वादच होत नाही. इथे '१५' म्हणजे १५. आई, बाप, आजोबा कुणीही बरोबर असो, चौदा वर्षांच्या पोराला आत सोडत नाहीत. पालकांबरोबर चालतं ते फक्त '१२ए'ला. आमच्या थोरल्याला पंधरा पूर्ण व्हायला नऊ दिवस कमी होते, तिकीट काउंटरवरच्या पोरीने हसत हसत परत पाठवलं. आम्हीही मुकाट्याने घरी आलो. शिस्त म्हणतात ती ही.

शाहूपुरीचा_शाहू
@लंबोदर, धन्य ते काउंटर. म्हणजे तुमच्या पोराला काय झेपतं हे तिकीट फाडणारी ठरवणार आणि तुम्ही त्याला शिस्त म्हणणार. तुमच्या १२एला सात वर्षांचं पोर आईबरोबर चालतं ना? मग आमचं यूए त्याहून वेगळं काय?

@अनघाताई, तुमच्या मुलाबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण त्याला नेलं तुमच्या मिस्टरांनी आणि शिव्या आम्हा सगळ्यांना. हा घरचा हिशेब घरी मिटवा.

अनघा_डोंबिवली
घरचा हिशेब कधीच मिटलाय, त्याची काळजी नको. प्रश्नाचं उत्तर टाळलंत.

कन्सोल_काका
बरं झालं यावेळी पिक्चर सापडला. एरवी कुठे पोरगं बिघडलं की पहिलं बोट गेमकडे. मी अडतीस वर्षांचा आहे, तीस वर्षं खेळतोय, अजून कुणाचा खून केलेला नाही.

लोकांना वाटतं पबजी हिंसेसाठी बंद झाला. साफ चूक. २ सप्टेंबर २०२० ला ११८ चिनी ॲप्सबरोबर गेला तो डेटा आणि सार्वभौमत्वाच्या कारणाने. हिंसेच्या नावाने बोंब आधी राजकोटला झाली, २०१९ मध्ये. तिथे पोलिसांनी खेळणाऱ्या पोरांना चक्क पकडलं होतं! मग २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने आला. काय बदललं? रक्त हिरवं केलं. झालो सगळे संस्कारी.

अमेरिकेत १९९३ मध्ये सिनेटमध्ये गेमवरून आरडाओरडा झाला, पुढच्या वर्षी धंद्यातल्याच लोकांनी गेमना वयाचे आकडे देणारं ईएसआरबी काढलं. युरोपात २००३ पासून तसंच पेगी आहे. आपल्याकडे गेमसाठी सेन्सॉरसारखं काहीच नाही, प्ले स्टोअरवर जो आकडा दिसतो तो गेमवाल्यानेच प्रश्नावली भरून मिळवलेला. आणि डबीवर ठळक १८ असलेला जीटीए दहा वर्षांच्या भाच्याला कोण आणून देतं? मामा. माझ्यादेखत झालंय. मामाला मी 'अरे १८ लिहिलंय' म्हटलं, तर म्हणाला, "ती लेव्हल असेल."

नाना_नळदुर्गकर
ती लेव्हल असेल!! चहा नाकातून आला.

आमच्या वेळी असले आकडे नव्हते. रविवारी सकाळी दूरदर्शनवर भीमाने दुःशासनाची छाती फोडली, आम्ही अख्खं गाव एका टीव्हीपुढे बसून पाहिलं, आजी तर हात जोडून. कुणाला रात्री दचकायला झालं नाही. मात्र हिरवं रक्त हे मला समजलेलं नाही. हिरवं म्हणजे शेवाळासारखं की पोपटी?

कन्सोल_काका
पोपटीकडे झुकणारं. गोळी लागली की मेथीची जुडी झटकल्यासारखं उडतं.

अनघा_डोंबिवली
नाना, दचकलं नाही हे तुम्हाला कसं ठाऊक? तेव्हा पोरांना विचारायचं कोण? माझा मोठा भाऊ दहा वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचा. आईने फक्त चादर बदलली आणि धपाटा घातला.

नाना_नळदुर्गकर
त्याचा संबंध महाभारताशी जोडणे अन्यायाचे आहे. (धपाट्याबद्दल मात्र बोलत नाही, मीही दिले आहेत.)

कन्सोल_काका
आता सेन्सॉरचंच घ्या. २०२५ च्या 'सुपरमॅन'मधलं ३३ सेकंदांचं चुंबन कापलं. प्रमाणपत्र १३+. इमारती कोसळल्या तर चालतं, ओठ टेकले की कात्री. अंगाची सालं काढलेली १६+ ला पास. आकडा कुठल्याही डबीवर लावा, लावणाऱ्याला भीती कशाची वाटते तेवढंच त्यातून कळतं.

लीड्सचा_लंबोदर
हे मान्य. नाइलाजाने.

डोअरकीपर_निवृत्त
आन् एक सांगू? 'ए' मिळाला तर पिक्चर टीव्हीवर तसाच दाखवता येत न्हाई, पुन्हा कापून यूए करून घ्यावा लागतो. पोरांची गर्दीबी जाते. म्हणून निर्मात्याला यूएच पायजे असतो. १६+ म्हंजे सेन्सॉर आन् निर्माता दोघांची सोय. पोरांसाठी न्हाई काढलेला तो.

शाहूपुरीचा_शाहू
काका तुमचा मुद्दा पटला. पण मग 'छावा'ला 'ए' द्यायला हवा होता का? महाराष्ट्रातल्या एकाही शाळकरी पोराने थिएटरात संभाजी महाराज बघायचे नाहीत? हे लिहायची हिंमत आहे का कुणाची?

अनघा_डोंबिवली
आहे. शेवटची वीसेक मिनिटं आहेत तशी ठेवायची तर 'ए' द्या. नाहीतर सळया दाराआड ठेवा आणि पोरांना सुखाने बघू दे. महाराज काही छोटे होत नाहीत त्याने. मी लिहिलं. आता तुम्ही लिहा. तिसऱ्यांदा विचारतेय, तुमच्या मुलीने शेवट पाहिला का?

शाहूपुरीचा_शाहू
...नाही.

साखळदंड घातले तेव्हाच तिने माझा हात इतका दाबला की नखं रुतली. मग आम्ही बाहेर आलो. पायऱ्यांवर बसून समोसा खाल्ला. आतून आवाज येत होता, म्हणून मग खाली पार्किंगपर्यंत गेलो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बघून या, मी थांबते." मी गेलो नाही.

अनघा_डोंबिवली
अहो मग एवढा निबंध कशाला लिहिलात?

शाहूपुरीचा_शाहू
तुम्ही 'लायकी' शब्द वापरलात म्हणून.

अनघा_डोंबिवली
बरं. तोही मागे घेते. समोशासाठी.

नाना_नळदुर्गकर
काका, नातवाच्या मोबाइलवर ते बीजीएमआयचे रक्त आत्ताच पाहिले. पोपटी नाही, चक्क गडद हिरवे आहे. शिवाय त्याने जन्मसाल १९९५ टाकले आहे. तो पाचवीत आहे.

कन्सोल_काका
नाना, त्या हिशेबाने त्याला अठराखालच्यांची दिवसाला तीन तास खेळायची मर्यादापण लागत नाही. आणि ब्राइटनेस वाढवून बघा, पोपटीच आहे.