मदत हवी आहे : स्तन वाचवून गाठ काढायची आहे, ऑपरेशन थिएटरमधील सोनोग्राफीबद्दल काय विचारून घ्यावे? (नाशिक)

पिंपळगावकर :

नमस्कार. माझ्या थोरल्या बहिणीसाठी (वय ५२, पिंपळगाव बसवंत) हा धागा काढत आहे. तिच्या डाव्या स्तनात वरच्या, बाहेरच्या भागात गाठ आहे आणि ट्रूकट बायोप्सीत (जाड सुईने तुकडा काढून केलेल्या तपासणीत) इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, म्हणजे दुग्धनलिकेतून भोवती पसरू लागलेला कर्करोग, असे निदान झाले आहे. सोनोग्राफीत गाठीचे माप १८ बाय १४ मिमी असून काखेतील गाठी संशयास्पद नाहीत. मॅमोग्राफीच्या अहवालात मात्र त्याच गाठीलगत, स्तनाग्राच्या दिशेने, कॅल्शियमचे बारीक कण पसरलेले असल्याचे लिहिले आहे आणि एकूण विस्तार ३५ मिमी दिला आहे.

नाशिकमधील सर्जननी सांगितले की पूर्ण स्तन काढण्याची गरज दिसत नाही. गाठ भोवतालच्या निरोगी भागासह काढू आणि नंतर शेक (रेडिएशन) देऊ. गाठ खोलवर असल्याने हाताला नीट लागत नाही, म्हणून एक तर ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सोनोग्राफीखाली गाठीची जागा दाखवणारी बारीक तार बसवायची किंवा थिएटरमध्येच सोनोग्राफीचे यंत्र आणून गाठ पाहत पाहत काढायची, असे दोन मार्ग त्यांनी सुचवले. यांपैकी अधिक खात्रीचा कोणता? आणि होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना नेमके काय विचारावे? दाजींचे म्हणणे आहे की धोका नको, सगळेच काढून टाका. ताईची मात्र तशी इच्छा नाही. परळला टाटामध्ये जाण्याचीही तयारी आहे, पण शक्य असेल तर सगळे उपचार नाशिकमध्येच व्हावेत असे वाटते.

रेडिओलॉजीवाली :

मी स्तनांच्या तपासण्या करणारी रेडिओलॉजिस्ट आहे. तपासल्याशिवाय आपल्या ताईंविषयी निश्चित काही सांगता येणार नाही, परंतु आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट यंत्राची निवड ही नसून दोन मापांतील फरक ही आहे, याकडे आधी लक्ष वेधते.

सोनोग्राफीत घन गाठ उत्तम दिसते; कॅल्शियमचे सूक्ष्म कण मात्र बहुतेक वेळा दिसत नाहीत. हे कण मॅमोग्राफीतच स्पष्ट होतात, आणि आक्रमक गाठीच्या शेजारी ते असतील तर तेथे दुग्धनलिकांच्या आतच राहिलेला कर्करोग, म्हणजे डीसीआयएस, असण्याची शक्यता तपासावी लागते. म्हणून केवळ सोनोग्राफीवर विसंबून १८ मिमीची गाठ चोख काढली, तरी कणांचा भाग आतच राहू शकतो. सर्जनना विचारायचा पहिला प्रश्न असा : ३५ मिमीच्या संपूर्ण विस्ताराचा विचार करून आखणी केली आहे का, आणि कणांच्या भागाचे मॅग्निफिकेशन चित्र (मोठे करून काढलेली मॅमोग्राफी) किंवा गरज पडल्यास वेगळी बायोप्सी करणार आहात का?

आता सोनोग्राफीविषयी. तिचा एक मोठा फायदा फारसा सांगितला जात नाही. मॅमोग्राफी उभ्याने, स्तन दाबून होते आणि एमआरआय पालथे झोपवून. ऑपरेशन मात्र उताणे झोपवून, हात बाजूला पसरून होते. मळलेल्या कणकेत दडलेला दाणा कणीक दाबली की सरकतो, तशीच गाठीची जागाही दर स्थितीत बदलते. सोनोग्राफी रुग्णाला टेबलावर असते त्याच स्थितीत करता येते, त्यामुळे गाठ त्वचेपासून किती खोल आहे, छातीच्या स्नायूपासून किती दूर आहे आणि स्तनाग्रापासून किती अंतरावर आहे, ही सर्जनच्या कामाची मापे तीतच सर्वांत विश्वासाने मिळतात. आदल्या दिवशी केंद्रावर हात कसाही ठेवून त्वचेवर पेनाने खूण केली असेल, तर ती खूण टेबलावर चुकीच्या जागी येऊ शकते.

सर्जरीतला_एक :

रेडिओलॉजीवाली यांच्याशी पूर्ण सहमत आहे. थिएटरमधील कामाची कल्पना यावी म्हणून थोडे लिहितो.

सोनोग्राफीचा उच्च वारंवारतेचा सपाट प्रोब (अंगावर फिरवायचा भाग) निर्जंतुक आवरणात घालून छेद घेण्यापूर्वी गाठ पाहतात आणि तिच्या कडा त्वचेवर आखतात. त्यानंतर ऊती कापत जाताना मधूनमधून प्रोब ठेवून गाठीभोवती सर्व बाजूंनी पुरेसा निरोगी भाग राहतो आहे ना, हे तपासतात. काढलेला तुकडा सलाइनच्या भांड्यात ठेवून पुन्हा पाहिला जातो; एखाद्या बाजूची कड अरुंद वाटली तर तेवढीच बाजू त्याच वेळी आणखी काढता येते. जखमेत हवा आणि रक्त आले की चित्र धूसर होते, म्हणून या कामाला सराव लागतो. बायोप्सीनंतर साचलेल्या रक्तामुळेही गाठ आहे त्यापेक्षा मोठी भासू शकते.

नेदरलँड्समध्ये हाताला लागणाऱ्या गाठींवर झालेल्या कोबाल्ट या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. १३४ स्त्रियांपैकी ज्यांची गाठ सोनोग्राफीच्या साहाय्याने काढली त्यांच्यात कडेला कर्करोग आढळण्याचे प्रमाण ३ टक्के होते, तर केवळ हाताच्या अंदाजाने काढलेल्यांमध्ये ते १७ टक्के होते; शिवाय सोनोग्राफीच्या गटात काढलेला भागही लहान होता. मात्र ही तुलना हाताच्या अंदाजाशी आहे, तारेशी नाही, हे लक्षात ठेवावे. केवळ सोनोग्राफीत दिसणाऱ्या गाठीसाठी सरावलेल्या हाती दोन्ही मार्ग चालतात. सोनोग्राफीत रुग्णाला सकाळी तार टोचून घेऊन ताटकळावे लागत नाही, हा तिचा मोठा लाभ आहे.

दाजींच्या शंकेविषयी : स्तन वाचवून केलेली शस्त्रक्रिया व शेक आणि पूर्ण स्तन काढणे यांची तुलना करणाऱ्या इटलीतील व अमेरिकेतील दोन मोठ्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले आणि आयुर्मानात फरक दिसला नाही. स्तनातच पुन्हा गाठ येण्याची शक्यता थोडी राहते, म्हणून शेक टाळता येत नाही आणि पुढची वार्षिक मॅमोग्राफीही. कडा मोकळ्या येतच नसतील किंवा रोग स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत असेल, तर मात्र दाजींचा मार्गच योग्य ठरतो. त्यांना हे असेच सांगावे, म्हणजे त्यांचे म्हणणे मोडीत काढल्यासारखे होणार नाही.

सातपूरची_माई :

माझे ऑपरेशन केमोनंतर झाले. केमो सुरू करण्यापूर्वी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवली होती, कारण औषधाने गाठ विरघळली तर सर्जननी शोधायचे काय, असा प्रश्न उभा राहतो. माझी गाठ खरोखरच दिसेनाशी झाली आणि क्लिप उपयोगी पडली. आपल्या ताईंना आधी केमो सुचवली गेली, तर पहिल्या सलाइनपूर्वी क्लिपविषयी नक्की विचारा. शेक मी नाशिकमध्येच घेतला. रोजचे जाणे-येणे असते, त्यामुळे घराजवळ सोय असण्याचे मोल तेव्हा कळते.

पिंपळगावकर :

सर्वांचे मनापासून आभार. सर्जनना भेटून आलो. कणांचा विषय काढताच त्यांनी अहवाल पुन्हा वाचला आणि मॅग्निफिकेशन चित्र काढून घेण्यास सांगितले. त्यात कण संशयास्पद ठरले आहेत. आता त्यांची सूचना अशी आहे की गाठ थिएटरमध्ये सोनोग्राफीने पाहून काढावी आणि कणांच्या पलीकडच्या टोकाला मॅमोग्राफीखाली तार बसवावी. एक अडचण उरते. ज्या रुग्णालयात ऑपरेशन ठरत होते तेथे सोनोग्राफीचे यंत्र थिएटरसाठी नाही, आणि बाहेरच्या केंद्रातील यंत्र आणता येणार नाही असे ते म्हणाले. असे का?

रेडिओलॉजीवाली :

ते बरोबर सांगत आहेत. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ मध्ये केलेल्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची व केंद्राची नोंदणी असते आणि यंत्र मनाला येईल तेव्हा दुसऱ्या रुग्णालयात नेता येत नाही. स्तनाच्या तपासणीसाठीही हाच नियम लागू आहे. प्रत्येक केंद्राच्या दारावरची ती पाटी आपण पाहिलीच असेल. म्हणून ज्या रुग्णालयाकडे स्वतःचे नोंदणीकृत यंत्र आहे आणि ते थिएटरमध्ये वापरण्याची व्यवस्था आहे, असेच ठिकाण निवडावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कण असल्यामुळे काढलेल्या तुकड्याचा एक्स-रे जखम शिवण्यापूर्वी व्हायला हवा, म्हणजे सर्व कण तुकड्यात आले की नाही हे तेव्हाच कळेल. तुकडा त्यासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवावा लागणार असेल तर ताई तेवढा वेळ भुलीखाली राहतील. थिएटर आणि मॅमोग्राफी एकाच इमारतीत आहेत का, हे आधी विचारून घ्या. तुकड्याच्या दिशा कळण्यासाठी त्यावर लांब व आखूड टाके घालून तो पॅथॉलॉजीकडे द्यावा, आणि शेकाच्या आखणीसाठी पोकळीत क्लिपा ठेवाव्यात, हेही बोलून ठेवा.

पिंपळगावकर :

मुंबई नाक्याजवळील एका रुग्णालयात दोन्ही सोयी एकाच इमारतीत आहेत आणि आमचे सर्जन तेथेही ऑपरेशन करतात, अशी खात्री करून घेतली आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्या रुग्णालयाचा समावेश आहे का, याची चौकशी उद्या तेथील आरोग्यमित्रांकडे करणार आहे. तार आणि तुकड्याचा एक्स-रे यांचा खर्च पॅकेजमध्ये धरतात की वेगळा लावतात, हे येथे कोणाला अनुभवाने माहीत असल्यास कृपया लिहावे.