साउथ डकोटात ट्रॅव्हल नर्सिंग: आठवड्याचे २,१४६ डॉलर, हातात किती?

रातपाळी:
नर्स आहे, नॉर्थ कॅरोलिनात राहते, कॉम्पॅक्ट लायसन्स (करारातल्या सगळ्या राज्यांत चालणारा नर्सिंग परवाना) आहे. एजन्सीमार्फत साउथ डकोटातल्या एका गावच्या २५ खाटांच्या हॉस्पिटलची ट्रॅव्हल नर्सची, म्हणजे तात्पुरत्या कराराची, ऑफर आलीय. १३ आठवडे, आठवड्याला ३६ तास, २,१४६ डॉलर. त्यात पगार तासाला २५ डॉलर, बाकी राहण्या-जेवणाचा स्टायपेंड (भत्ता). तिकडे राज्याचा आयकर नाही, म्हणजे हातात नक्की किती पडतील? आणि इथलं भाड्याचं घर सोडून पुण्याचं आई-बाबांचं घर टॅक्स होम (करासाठी मुख्य ठिकाण) म्हणून दाखवलं तर चालेल का?

हिशोबी:
ताई, आधी फोड बघा. ३६ × २५ = ९०० डॉलर करपात्र. उरलेले १,२४६ म्हणजे जीएसएचा (सरकारी प्रवासभत्त्याचे दर ठरवणारी फेडरल संस्था) साधा दर: राहण्याचे रोज ११०, जेवणाचे ६८, गुणिले ७. काही काउंट्यांचा दर वेगळा असतो, आपली तपासा. ही करमुक्त स्टायपेंडची कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. एजन्सी कमीही देऊ शकते.

९०० वर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर ७.६५ टक्के, म्हणजे ६९. फेडरल कर (एकटी व्यक्ती, २०२६, वर्षभर हाच पगार धरून) साधारण ६६. डकोटा काही घेत नाही, पण तुम्ही नॉर्थ कॅरोलिनाच्या रहिवासी, त्यामुळे नॉर्थ कॅरोलिनाचे ३.९९ टक्के लागतातच: वजावट धरून आठवड्याला सुमारे २६. एजन्सीने ते कापले नाहीत तर एप्रिलमध्ये एकदम भरावे लागतील. हातात अंदाजे १,९८५, आरोग्यविमा वजा करण्याआधी.

हे सगळं टॅक्स होम असेल तरच. आयआरएसच्या (फेडरल करखात्याच्या) तीन कसोट्या आहेत: घराच्या भागात काही काम, घराचा आणि कामाच्या गावचा असा दुहेरी खर्च, आणि तो भाग सोडून न जाणं. पुण्यात तुमचं काम नाही, तिथलं भाडंही तुम्ही भरत नाही. पहिल्या दोन कसोट्या तिथेच गेल्या. मग तुम्ही फिरस्त्या (टॅक्स होमच नसलेल्या) ठरता आणि सगळेच २,१४६ करपात्र होतात. फेडरल कर, सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर मिळून आठवड्याला साधारण ४६५ जातात. नॉर्थ कॅरोलिनातली खोली ठेवा, भाडं बाजारभावाने बँकेतून भरा आणि मधूनमधून तिथे शिफ्टही करा. एकाच भागात वर्षाहून जास्त राहायचं ठरलं की त्या दिवसापासून स्टायपेंड करपात्र, हेही लक्षात असू द्या.

बिलरेट:
ओव्हरटाइमला भुलू नका. तासाला सरासरी ५९.६० पडतात, पण ४० तासांनंतरचा दर २५ च्या दीडपट, म्हणजे ३७.५०. जादा तास स्वस्तात जातो! वेगळा ओव्हरटाइम दर आधीच लिहून घ्या. स्टायपेंड तासांनुसार कमी-जास्त होत असेल तर तो ओव्हरटाइमच्या दरात धरावा, असं नवव्या सर्किटच्या (फेडरल अपील विभागाच्या) कोर्टाने २०२१ मध्ये ठरवलं, पण साउथ डकोटा आठव्या सर्किटमध्ये येतं, तिथे तो निकाल बंधनकारक नाही.

याहून मोठी गळती रद्द शिफ्टची. इतक्या लहान हॉस्पिटलात पेशंट घटले की शिफ्ट रद्द झाल्याचा पहिला फोन ट्रॅव्हल नर्सलाच जातो. स्टायपेंड कापण्याचं कलम असेल तर १२ तासांच्या एका शिफ्टमागे (आठवड्याच्या तीनपैकी) ७१५ डॉलर जातात. करारात ‘गॅरंटीड अवर्स’ (काम असो-नसो, पगार मिळणारे तास) ३६ हवेत. पगाराच्या दर हप्त्यात एक शिफ्ट रद्द करायची मुभा असेल तर ती खोडून घ्या, निदान स्टायपेंडला हात लागणार नाही असं लिहून घ्या.

प्रेरीवारा:
घर मिळाल्याशिवाय सही नको. गावात भाड्याच्या जागा मोजक्याच असतात आणि ऑक्टोबरात फेझंट पक्ष्यांची शिकार सुरू झाली की मोटेलं भरतात, दर चढतात. आठवड्याच्या ७७० मध्ये भागेल का, ते तिथल्या हॉस्पिटललाच विचारा. काहींकडे स्टाफ-क्वार्टर असतात. बर्फात आय-९० महामार्ग बंद झाला तर ती गैरहजेरी कोणाच्या खात्यात, हे कलमही वाचा. ईआर (तातडीचा विभाग), वॉर्ड, बाळंतपण या तिन्हीकडे फ्लोट करतील (गरजेप्रमाणे फिरवतील), ऑन-कॉलचा दर तासाला किती तेही विचारा.

हिशोबी:
एक राहिलं. घरकर्ज घ्यायचा विचार असेल तर बँक मुख्यतः ते ९०० च बघते. सोशल सिक्युरिटीची नोंदही तेवढ्याचीच होते.